कांदा सरकला, ठिपके जागचे हलले नाहीत

पुण्यातल्या एका विश्वस्त संस्थेच्या कपाटात माझ्या चुकांची एक फाइल आहे. संस्थेचं ऑफिस आता दुसरीकडं गेलंय, कपाटंही बदलली असतील, पण ती फाइल कुणी टाकून दिली असेल असं मला वाटत नाही. वाचताना हसू येईल अशी त्या ऑफिसात दुसरी फाइलच नव्हती. तिच्यातल्या काही कागदांविषयी आज लिहितो. उरलेले कागद गैरसमजातून लिहिले गेलेत, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

मी फिरत्या प्रयोगशाळेवरचा मास्तर. फिरती प्रयोगशाळा म्हणजे एक जुनी जीप आणि तिच्यात अकरा लोखंडी ट्रंका. ट्रंकांमध्ये काचनळ्या, भिंगं, चुंबकं, बॅटऱ्या, वजनं, दोऱ्या, फुगे आणि पुढं पुढं गादीत गुंडाळलेला एक संगणक. जुन्नरला पत्र्याच्या शेडमध्ये आमचा तळ. तिथून सोमवारी सकाळी निघायचं, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या एकेका शाळेत एकेक दिवस थांबायचं आणि पाचवी ते दहावीच्या मुलांच्या हातात सामान द्यायचं. काय केलं की काय होतं, ते त्यांचं त्यांना बघू द्यायचं. मास्तरानं शक्यतो गप्प बसायचं. हा शेवटचा भाग मला कधी नीट जमला नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी त्या गाडीत चढलो आणि केस पिकल्यावर उतरलो.

पुण्याचे पाहुणे विचारत, ‘‘पण शाळांत प्रयोगशाळा नव्हत्या का?’’ होत्या. कपाटात होत्या. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली विज्ञानाच्या शिक्षकाकडं. एखादं चंचुपात्र फुटलं तर ते कसं फुटलं, कुणी फोडलं, त्या वेळी आपण कुठं होतात, याचे जबाब त्या शिक्षकानं द्यायचे. त्यामुळं शहाणा शिक्षक प्रयोग फळ्यावर करी. खडूनं काढलेली परीक्षानळी फुटत नाही आणि तिच्यातला वायू नेहमी पुस्तकात लिहिलाय तसाच निघतो. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, गाडीवर यायच्या आधी बारा वर्षं मी स्वतः असाच शहाणा शिक्षक होतो. माझ्या कपाटातल्या एका काचेच्या हंडीत कोळ्याच्या तीन पिढ्या सुखानं नांदल्या.

गाडीचा कायदा मात्र उलटा होता. तो आमच्या विश्वस्तांनी, आठल्येसाहेबांनी केलेला. कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, बोलणं मोजकं, पत्रं त्याहून मोजकी. एका महिन्यात आमची एकही वस्तू फुटली नाही, तेव्हा त्यांचं एका ओळीचं पत्र आलं : ‘या महिन्यात शिकवले नाही काय?’

गाडी कायमची मात्र नव्हती. संस्थेनं ती तीन वर्षांच्या बोलीवर दिली होती. तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आत, आठल्येसाहेब स्वतः येऊन एक दिवस बघणार आणि गाडी चालू ठेवायची की विकून टाकायची ते ठरवणार. हे मला माहीत होतं, माझ्या ड्रायव्हरला म्हणजे बबनरावांना माहीत होतं आणि दोन्ही तालुक्यांतल्या शाळांनाही माहीत होतं. बबनरावांना त्याची काळजी माझ्यापेक्षा जास्त. ते आधी भाजीच्या टेम्पोवर होते आणि परत टेम्पोवर जायची त्यांची अजिबात तयारी नव्हती. ‘‘टमाटी काय इच्चारीत न्हाईत सर,’’ ते म्हणायचे. ‘‘पोरं इच्चारत्यात. टाइम कसा जातो समजत न्हाई.’’

त्या तिसऱ्या वर्षातच फाइल जाड होऊ लागली.

पहिला कागद खोडदचा. खोडदच्या आसपास शेतांमधून त्या प्रचंड जाळीच्या थाळ्या उभ्या आहेत, त्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणी. त्या लहरी इतक्या अशक्त असतात, की गावातल्या एखाद्या टीव्हीचा बूस्टर बिघडला तरी त्यांच्यात खरखर मिसळते. म्हणून दुर्बिणीची माणसं माशाच्या काट्यासारखा अँटेना घेऊन जीपमधून फिरत आणि बिघडलेला बूस्टर हुडकून काढत. ती जीप दिसली की लोक आपापल्या घरातला टीव्ही बंद करून अंगणात निरागस चेहऱ्यानं उभे राहात.

मला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच तर मी खोडदला रेडिओ लहरींचा प्रयोग ठेवला. ज्या पोरांच्या शेताच्या कडेला एवढी थाळी उभी, त्यांना लहर म्हणजे काय हे कळायला नको? मोपेडची इग्निशन कॉइल, बॅटरी आणि दोन खिळे. खिळ्यांच्या मध्ये ठिणगी उडाली, की वर्गाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला ट्रान्झिस्टर खरखरतो. मध्ये तार नाही, काही नाही. बिनतारी संदेश असाच सुरू झाला. प्रत्येकानं आपल्या नावाच्या अक्षरांइतके ठोके ठिणगीनं पाठवायचे आणि समोरच्यानं ट्रान्झिस्टरला कान लावून मोजायचे. नववीचा वर्ग बेचाळीस पोरांचा. सकाळी सुरू केलं, कुणाचं समाधान होईना. पोरं स्वतःचं झालं की म्हशीचं नाव पाठवत होती.

डब्याची सुट्टी झाली आणि जीप आली. तिच्यातून एक तरुण इंजिनियर उतरला. शाळेच्या कट्ट्यावर गावातले एक म्हातारबाबा बसले होते, त्यांना त्यानं विचारलं, ‘‘आजोबा, इकडं कुणाचा बूस्टर बिघडलाय का?’’

‘‘बूस्टर न्हाई बिगाडला,’’ बाबांनी माझ्याकडं बोट केलं, ‘‘मास्तर बिगाडलाय. सकाळच्यापासनं चाललंय त्यांचं.’’

इंजिनियर फार सभ्य होता. त्यानं कॉइल बघितली, खिळे बघितले आणि एक सुस्कारा सोडला. म्हणाला, ‘‘सर, आम्ही ठोके देणाऱ्या ताऱ्यांचा अभ्यास करतो. आज सकाळी आमचा एक सहकारी थोडा वेळ फार आनंदात होता.’’

‘‘मग?’’

‘‘मग ठोके डब्याच्या सुट्टीला थांबले. तारे डबा खात नाहीत.’’

पोरांना यातला अपमान वगैरे काही कळला नाही. आपल्या नावाचे ठोके त्या थाळीत पोचले, एवढंच त्यांनी ऐकलं आणि दोन दिवस गावात सांगत फिरली. म्हशीवाला तर सगळ्यात जास्त. संस्थेकडं मात्र एक विनंतीपत्र गेलं : यापुढं आपल्या शिक्षकांनी दुर्बिणीच्या परिसरात ठिणग्या पाडू नयेत.

दुसरा कागद बोरी बुद्रुकचा. तिथं संगणक शिकवायचा होता. गादीतून काढून टेबलावर मांडला, पोरं भोवती गोळा झाली आणि वीज गेली. दिवसभर येणार नाही असं कळलं. आता संगणक शिकवायचा तर वर्गात संगणक पाहिजे, म्हणून मीच संगणक झालो. पोरांना म्हटलं, संगणकाला स्वतःची अक्कल नसते, सांगाल तेच आणि सांगाल तेवढंच तो करतो. तुम्ही मला सूचना लिहून द्या, मी बाजरीची भाकरी करून दाखवतो. शाळेशेजारच्या ठकूबाईंनी पीठ, परात आणि पेटलेली चूल दिली. बिचारीनं चांगल्या मनानं दिली.

पहिल्या गटाची चिठ्ठी : ‘पीठ घ्या. पाणी घाला.’ किती ते लिहिलं नव्हतं. मी डबा परातीत पालथा केला आणि वर कळशी ओतली. पोरं ओरडायला लागली, पण ओरडणं चिठ्ठीत नव्हतं. दुसऱ्या गटानं शहाणं होऊन ओंजळी मोजून लिहिल्या, मळणंही लिहिलं, थापणंही लिहिलं आणि पुढं लिहिलं, ‘तव्यावर टाका.’ चुलीजवळ जा, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी उभा होतो तिथून टाकली. ती तव्यावर न जाता खिडकीतून बाहेर गेली. नेमके त्याच वेळी शाळा समितीचे अध्यक्ष बाहेरून येत होते.

ठकूबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘ह्या मास्तरला घरी जेवायला कोन घालतं वो?’’

पण खरं सांगतो, चौथ्या गटाची चिठ्ठी अशी आली, की तिच्याबरहुकूम मी आयुष्यातली पहिली बरी भाकरी केली. ‘वाफ येईपर्यंत थांबा, नाही आली तर पुन्हा बघा’ असं सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं. प्रोग्रॅम म्हणजे दुसरं काय असतं? पुढं वीज आल्यावर त्या पोरांना संगणकाची भीती म्हणून वाटली नाही. भाकरी फेकणाऱ्या मास्तरापेक्षा तो बराच शहाणा निघाला. अध्यक्षांनी मात्र त्यांच्या सदऱ्याबद्दल सविस्तर पत्र लिहिलं.

या दोन पत्रांवर आठल्येसाहेबांनी मला कळवलं : ‘दसऱ्यानंतर येतो. मुले स्वतःच्या हातांनी काय करतात तेवढेच पाहायचे आहे. आपले खेळ नकोत.’

मी आणि बबनरावांनी बसून विचार केला. शाळा कुठली दाखवायची? खोडद नको, बोरी नको. जिथं काही घडणारच नाही अशी पाहिजे. शेवटी डिंभ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकडेच्या एका शाळेवर आमचं एकमत झालं. तिथली पोरं डोंगरातल्या वाड्यांवरून चालत येत, भात-नाचणी करणाऱ्या घरांतली, अतिशय लाजरी. विचारलं तरी बोलायची नाहीत. तेव्हा मला हे सोयीचं वाटलं. हे वाक्य लिहिताना आज मला चांगलं वाटत नाही, पण वाटलं होतं ते खरं.

आणि प्रयोग? सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा. कांद्यात चूक व्हायला जागाच नाही. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पातळ पापुद्रा काढायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, सॅफ्रनिन नावाच्या तांबड्या रंगाचा एक थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची. मग भिंगातून विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात आणि रंगामुळं प्रत्येक पेशीत एक तांबडा ठिपका उठून दिसतो, तो तिचा केंद्रक. गाडीवर आल्यापासून मी हा कांदा दाखवत होतो.

गाडीत सूक्ष्मदर्शक एकच होता आणि तो माझा जीव की प्राण. त्याच्या पेटीवर मी माझ्या अक्षरात चिठ्ठी डकवली होती : ‘हात लावू नये’. हाताने शिका म्हणत गावोगाव फिरणाऱ्या गाडीतली ती एकच पेटी अशी होती. पोरांनी रांगेनं यायचं, हात मागं बांधायचे, वाकून बघायचं आणि पुढं सरकायचं. माझ्या कपाटाचं जुनं कुलूप मी बारीक करून त्या पेटीवर लावलं होतं, पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

साहेब यायच्या आदल्या आठवड्यात खंडेनवमी आली. शेडमध्ये बबनरावांनी जीपला झेंडूचा हार घातला, पान्यांना, जॅकला, ट्रंकांना हळदकुंकू वाहिलं. मी वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरेवर शाळांतून भाषणं देणारा माणूस, त्यामुळं सुरुवातीला जरा लांब उभा राहिलो. पण बबनराव सूक्ष्मदर्शकाला कसंतरीच बोट लावायला लागले तेव्हा मला राहवेना. ‘‘थांबा,’’ म्हटलं, ‘‘पूजा करायची तर नीट करू.’’ मी त्याची वरची नेत्रिका, म्हणजे जिला डोळा लावायचा ती भिंगाची छोटी नळी, उपसून काढली, मऊ फडक्यानं पुसली आणि माझ्या हातानं तिच्या काठाला चांगला ठसठशीत टिळा लावला. परत बसवली. नारळही मीच फोडला.

ठरल्या दिवशी आठल्येसाहेब आमच्याबरोबर जीपमधून आले. मागच्या खिडकीजवळ खुर्चीवर बसले, मांडीवर वही. हेडमास्तर त्यांच्या शेजारी उभे. बबनराव दारात. आठवीचा वर्ग, अडतीस पोरं. मी पापुद्रा पसरला. काच ठेवली, वाकून बघितलं. विटा दिसल्या. विटांवर तांबडे ठिपके दिसले. एवढे सुरेख तांबडे ठिपके मी आजवर कधी पाहिले नव्हते. मी फळ्यावर भिंत काढली, प्रत्येक विटेत लाल खडूनं एक ठिपका काढला आणि केंद्रक म्हणजे पेशीचा कारभारी वगैरे जोरात सुरू केलं. मग रांग लावली.

पोरं येत होती, वाकत होती, जात होती. कुणी काही बोलत नव्हतं. अगदी मला पाहिजे होतं तसं.

बाराव्या-तेराव्या नंबरला कमल गवारी नावाची मुलगी आली. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

‘‘झालं का?’’ मी म्हटलं.

‘‘सर, ह्या एका खोलीत दोन ठिपके हायत.’’ पेशींना ती खोल्या म्हणत होती. ‘‘आन् शेजारच्या तीन खोल्यांत कायच नाय.’’

‘‘असतं काही काही ठिकाणी तसं,’’ मी म्हणालो. असं काही नसतं. प्रत्येक पेशीत एक, हे मी पाच मिनिटांपूर्वीच फळ्यावर काढलं होतं.

‘‘आन् एक ठिपका भिताडावरच बसलाय.’’

‘‘बरं. पुढची ये.’’

तिनं मागं बांधलेला हात सोडला आणि बोटानं काचपट्टी हळूच ढकलली. ‘‘हात काढ,’’ मी ओरडलो. तिनं काढला. पण जाता जाता, मान खाली घालून, कुणालाच न बोलल्यासारखं बोलली, ‘‘कांदा सरकतो. ठिपके नाय सरकत.’’

खिडकीजवळ साहेबांची पेन्सिल थांबलेली मी बघितली. मी घाईघाईनं रांग पुढं ढकलली. मनात म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, मग हिचं समाधान करू. आणि कमल रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिली. मला ते दिसलं होतं. पंचवीस पोरं संपेपर्यंत मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

तिचा नंबर आला. या वेळी तिनं हात मागं बांधलेच नाहीत. वाकली, वरची नेत्रिका दोन बोटांत धरली आणि फिरवली.

‘‘आता फिरत्यात,’’ ती म्हणाली.

‘‘ए गवारी, जागेवर जा,’’ हेडमास्तर मागून म्हणाले.

‘‘थांबा हो,’’ साहेब उठून पुढं आले. ‘‘काय फिरतंय, बाळ?’’

‘‘ठिपके. हे वरचं फिरवलं की ठिपके गोल फिरत्यात. कांदा हाय तिथंच ऱ्हातो.’’

‘‘मग त्यावरून काय?’’

तिनं माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. ‘‘मग ठिपके कांद्यात नायत. ह्या वरच्यात हायत.’’

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘मास्तर?’’

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, सूक्ष्मदर्शकात काही दिसलं की ते कुठं आहे हे ओळखायची हीच रीत आहे. काचपट्टीबरोबर सरकलं तर ते पट्टीवर. नेत्रिकेबरोबर फिरलं तर ते नेत्रिकेत. मला ही रीत येत होती. मी ती कधी कुणाला शिकवली नव्हती, कारण हात लावल्याशिवाय ती शिकवता येत नाही. ही मुलगी जन्मात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकापुढं उभी होती आणि तिनं ती तिथल्या तिथं शोधून काढली.

त्या क्षणी माझ्याकडं दोन-तीन उत्तरं तयार होती. प्रकाशाचा परिणाम, भिंगाचा दोष, पुढच्या इयत्तेत कळेल. पंधरा वर्षांच्या मास्तरकीत अशी उत्तरं आपोआप तयार होतात. हेडमास्तरांना ती चालली असती. साहेबांनाही कदाचित चालली असती, कारण पेशी त्यांचा विषय नव्हता. गाडीही कदाचित वाचली असती. पण ती मुलगी अजून जमिनीकडंच बघत होती, आणि मी खोटं बोललो असतो तर तिनं ते मान्य केलं असतं. मला तेच सहन होईना.

मी वाकून बघितलं. नेत्रिका फिरवली. ठिपके फिरले. नेत्रिका उपसली, पांढऱ्या रुमालावर उलटी करून हळूच टिचकी मारली. रुमालावर तांबडी भुकटी पडली.

दारातून बबनराव म्हणाले, ‘‘अवो सर, हे तर आपल्या पूजेचं.’’

मी वर्गाकडं वळलो. ‘‘पोरांनो, गेला पाऊण तास मी तुम्हाला कांद्याचा केंद्रक म्हणून जे दाखवलं, ते कुंकू आहे. खंडेनवमीला मीच लावलेलं. कमल बरोबर आहे, मी चुकलो.’’ आणि डस्टर घेऊन फळ्यावरचे लाल ठिपके पुसायला लागलो. तेव्हा पहिल्यांदा तो वर्ग हसला. आधी एक, मग सगळे. दाबून ठेवलेलं पाणी सुटावं तसे. मलाही हसू आलं. हेडमास्तरांना नाही आलं. कमललाही नाही आलं. ती म्हणाली, ‘‘मग कांद्याचा ठिपका कुठंय?’’

कुठं असणार? रंग टाकल्याशिवाय तो नीट दिसत नाही, आणि सॅफ्रनिनची बाटली माझ्या शर्टाच्या खिशात होती. बूच न उघडलेली. घाबरलेल्या माणसाला जे दिसायला पाहिजे असतं तेच दिसतं, कांद्यातसुद्धा.

बाटली मी तिच्या हातात दिली. पेटीवरची चिठ्ठी कधी फाडली ते मला आठवत नाही, बबनराव सांगतात की त्याच वेळी. पुढचे दोन तास मी खरंच गप्प बसलो. पोरांनी कांदे सोलले, पापुद्रे फाडले, चार पातळ काचा फोडल्या, बोटं तांबडी केली. कमलनं काचपट्टी सरकवली, नेत्रिका फिरवली आणि मगच सांगितलं, ‘‘आता ठिपके कांद्यासंगं सरकत्यात. एका खोलीत एकच.’’ मग एकेकानं तसंच करून बघितलं. कुणीही आधीच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. आठल्येसाहेब रांगेत उभे होते, एका मुलाच्या मागं. त्यांचा नंबर आला तेव्हा त्या मुलानं त्यांना बजावलं, ‘‘आधी सरकवून बघा.’’ त्यांनी सरकवून बघितलं.

साहेबांना घेऊन आम्ही परत निघालो. घोडेगावच्या अलीकडं बबनरावांना राहवलं नाही. ‘‘सायेब, गाडी बंद करायची आसंल तर आत्ताच सांगा. डिझेल भरायचं का न्हाई ते ठरवतो.’’

‘‘भरा,’’ साहेब म्हणाले. ‘‘मला पुण्याच्या एसटीपर्यंत सोडायचंय.’’ एवढंच.

पंधरा दिवस आम्ही शेडमध्ये काढले. त्या पंधरा दिवसांत मी पुष्कळ हिशोब मनाशी केले. तीन वर्षांत किती पोरांनी माझ्या त्या पेटीसमोर हात मागं बांधून दोन सेकंद वाकून बघितलं असेल, आणि त्यातल्या किती जणांना काय काय खटकलं असेल. खटकलेलं सांगायला त्यांच्याकडं रिकामा हात नव्हता. ते काही आता परत येणार नाही. बबनरावांचा मात्र एकच प्रश्न होता आणि ते दर सकाळी पोस्टमनला गाठून तो विचारत.

वसुबारसेच्या सुमाराला पत्र आलं. बबनराव समोर उभे राहिले. मी मोठ्यानं वाचलं :

‘गाडी चालू ठेवावी. दुसरा सूक्ष्मदर्शक मंजूर केला आहे. एक शिक्षकांसाठी, एक मुलांसाठी. मुलांच्या सूक्ष्मदर्शकास शिक्षकांनी हात लावू नये. दोन्हींत वेगवेगळे दिसल्यास मुलांचे ग्राह्य धरावे.’

‘‘म्हंजी चालू ना?’’ बबनरावांनी विचारलं.

‘‘चालू.’’

‘‘मंग येवढा टाइम का लावला वाचायला?’’ असं म्हणून ते टायरांची हवा बघायला गेले.

नवा सूक्ष्मदर्शक आम्ही पहिल्यांदा डिंभ्याकडच्या त्याच शाळेत उघडला. कमलनं डोळा लावायच्या आधी नेत्रिका उपसून काढली, उजेडाकडं धरून दोन्ही बाजूंनी तपासली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि मगच परत बसवली. आयुष्यात कधी मला इतकं मोठं बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं नव्हतं.

साहेबांचा तो आदेश मी निवृत्त होईपर्यंत पाळला. तेवढ्या वर्षांत दोन्ही सूक्ष्मदर्शकांत वेगवेगळं दिसण्याचे प्रसंग पुष्कळ आले. त्यांत निकाल माझ्या बाजूनं चार वेळा लागला. त्यातले दोन अजून वादात आहेत.